पाठ निरीक्षणाच्या तक्त्यातला एक रकाना बदला : विदर्भातल्या अध्यापक विद्यालयांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातल्या अध्यापक विद्यालयांचे प्राचार्य, सर्व अध्यापकाचार्य
आणि आंतरवासितेचा आराखडा ठरवणारे मान्यवर,

सादर नमस्कार.

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, चालू आहे. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, दोन खोल्या. तिसरी, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात. काही मुलं गावातली, काही जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची.

मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगते. आपण आमच्या पाठाला येता तेव्हा आपल्या हातातल्या निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा एक रकाना असतो. पाठात ॲप, व्हिडिओ किंवा ऑनलाइन चाचणी दिसली की गुण मिळतात, नाही दिसली की जातात. हा रकाना बदला. मुलांनी त्या साधनाने काय केलं आणि त्यातून शिक्षकाला मुलांबद्दल काय कळलं, हे त्यात विचारा. एखाद्याने साधन नीट तपासून, या वर्गात ते उपयोगाचं नाही असं ठरवून बाजूला ठेवलं असेल, तर त्या विचारालाही गुण द्या.

रकाना छोटा आहे, पण आंतरवासितेतले आमचे सगळे निर्णय त्याच्याभोवती फिरतात. निरीक्षणाचा दिवस ठरला की छात्राध्यापकांची धावपळ सुरू होते. कोणी दुसऱ्या शाळेतून प्रोजेक्टर आणतं, कोणी स्वतःच्या पैशाने डेटा पॅक मारतं, कोणी रात्री तालुक्याला थांबून व्हिडिओ उतरवून घेतं. मार्चपासून आपल्याकडे सकाळची शाळा असते आणि आठ वाजताच खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येतं. खिडक्यांना पडदे नसतात. चादरी लावल्या तर आत उकडतं. आमच्या गटातल्या एका पाठाला मागच्या रांगेतली पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, दिसूनच नाही राह्यलं." तिचं म्हणणं तक्त्यात कुठेच लिहिता येत नाही. प्रोजेक्टर चालू होता, एवढं मात्र लिहिता येतं.

शाळेत साधनंच नाहीत असं मात्र नाही. बऱ्याच शाळांत लोकवर्गणीतून किंवा योजनेतून आलेला टीव्ही आहे. तो कपाटात असतो, कारण तो जडवस्तू नोंदवहीत चढलेला आहे आणि बिघडला तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. पट ३० पर्यंत असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचं बिल. त्यात टीव्हीची दुरुस्ती बसवणं कोणत्याही मुख्याध्यापकाला सोपं नाही, आणि म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण शाळेची ही बाजू आम्हाला पहिल्या वर्षातच सांगायला हवी होती. आम्हाला ॲपची यादी शिकवली गेली. त्या ॲपला लागणारी वीज कोणाच्या बिलात जाते, हे कोणी शिकवलं नाही.

घराचंही तसंच आहे. २०१७ साली दीक्षा हे शालेय साहित्याचं सरकारी ॲप आलं, आणि आज बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. कोड स्कॅन करा, पाठाचा व्हिडिओ बघा, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण आमच्या गावात बहुतेक घरांत कॅमेऱ्याचा फोन एकच, आणि तो सकाळी बापासोबत वावरात जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत आईही वावरात असते आणि घरी धाकट्याला सांभाळणारी आमची चौथीतली विद्यार्थिनी असते. 'घरी क्यूआर कोड स्कॅन करून या' हा गृहपाठ तिला देता येत नाही. मात्र दीक्षावरचं साहित्य आधी उतरवून ठेवलं तर नंतर नेटशिवाय चालतं. म्हणजे तो व्हिडिओ वर्गात, शिक्षकाच्या मोबाइलवर, पाच-सहा मुलांच्या एका गटाला दाखवता येतो, तेवढ्यात दुसरा गट पाटीवर उदाहरणं सोडवतो. बहुवर्ग शाळेत ही सोय खरोखर मोलाची आहे. तीच आम्हाला करून दाखवायला हवी.

आता मी जे वर्गात करून पाहिलं त्याबद्दल सांगते, म्हणजे माझं म्हणणं नुसतं तक्रारीचं वाटणार नाही.

प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. त्यात मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही. प्रत्येक मुलाकडे कागदावर छापलेलं एक चौकोनी चित्र असतं, प्रत्येकाचं वेगळं. चित्राच्या चार बाजूंना अगदी बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. ज्या पर्यायाचं उत्तर द्यायचं ती बाजू वर करून मूल कार्ड धरतं. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते त्याच्या पडद्यावर दिसतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजारच्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. नेट लागतं ते फक्त शिक्षकाच्या मोबाइलला. कार्डं फुकट उतरवून छापता येतात. फुकटच्या आवृत्तीत एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, पण एका तासाला तेवढे पुरतात. मी कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. चकचकीत लॅमिनेशन करू नये, दारातून येणारा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला चित्र वाचता येत नाही.

पाचवीला मी प्रश्न दिला : एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? हात वर करायला सांगितलं की या वर्गात नेहमी एकच गोष्ट होते. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी हात वर करते, आणि तिच्याकडे बघून सगळा वर्ग करतो. त्या दिवशी कार्डांवर अर्ध्याहून जास्त मुलांनी एक चतुर्थांश मोठा असं उत्तर दिलं. जी मुलं रोज मान डोलावतात, तीही त्यात होती. मी एकाला विचारलं, असं का वाटलं? तो म्हणाला, "मॅडम, चार तं मोठाच असते न तीनापेक्षा."

त्याचं चुकलं होतं, पण त्यात विचार होता, आणि तो विचार मला त्याआधी कधी ऐकू आला नव्हता. मग मोबाइल टेबलावर ठेवला. सारख्या आकाराचे कागदाचे गोल कापले, एक गोल तिघांत, एक चौघांत. मुलांनी घड्या घातल्या, तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. एक पोरगी तुकडा हातात धरून म्हणाली, "चौघं बसले का वाटा लहान होते." तिथे तो पाठ उलगडला. शेवटी पुन्हा कार्डं घेतली आणि पुन्हा विचारलं, या वेळी एक पंचमांश आणि एक षष्ठांश. काही मुलांचं अजूनही चुकलं, पण कोणाचं, हे मला आता माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलांना घेऊन बसले.

त्या तासात मोबाइल मिनिटं-दोन मिनिटं वापरला गेला. बाकी सगळं काम कागदाच्या गोलांनी केलं. आपल्या तक्त्यात गुण मोबाइलला आहेत. माझी विनंती आहे की गुण त्या मधल्या क्षणाला द्या, जिथे मोबाइलवर दिसलेल्या उत्तरांवरून शिक्षिकेने पाठाची दिशा बदलली.

कहूटसारख्या स्पर्धा-चाचण्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. प्रत्येक मुलाच्या किंवा गटाच्या हातात यंत्र हवं आणि नेट हवं, ही एक अडचण. त्याहून मोठी अडचण ही की नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. ज्या मुलाची घरची भाषा कोलामी आहे, तो प्रश्न वाचतो, मनात उलटवतो आणि मग उत्तर शोधतो. तो गणितात मागे नसतो, मराठी वाचनात त्याला वेळ लागतो. घड्याळ लावलेल्या खेळात तो दर वेळी शेवटी राहतो आणि काही दिवसांनी प्रयत्नच सोडतो. शहरातल्या वर्गात हे साधन चांगलं चालत असेल. आमच्या वर्गात मी ते वापरणार नाही, आणि का वापरणार नाही हे लिहून द्यायला मी तयार आहे. तसं लिहायला तक्त्यात जागा हवी.

विज्ञान आणि गणितासाठी फेट (PhET) हे संगणकावरचं साधन प्रत्येक छात्राध्यापकाला शिकवावं असं मला वाटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली ते सुरू केलं. त्याआधीच्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. विद्युत परिपथ, अपूर्णांक, तराजू, घनता अशा कितीतरी विषयांची प्रतिरूपणं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, त्यात आहेत आणि त्यातली अनेक मराठीत आहेत. आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती एकेका फाइलीत उतरवून घेता येतात. मग नेट नसलं तरी जुन्या लॅपटॉपवर, साध्या ब्राउझरमध्ये उघडतात. मूल स्वतः वायर जोडतं, दिवा लागतो. वायर काढतं, दिवा विझतो. पण इथेही एक खबरदारी घ्यावी असं मला वाटतं. सेल, वायर आणि छोटा बल्ब गावच्या दुकानात मिळत असेल तर आधी तो हातात द्यावा. पडद्यावरचं प्रतिरूपण त्यानंतर आणावं, जे हाताने करता येत नाही त्यासाठी : वायरीतून वाहणारा प्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून, किंवा एकामागून एक दहा दिवे जोडून काय होतं ते पाहावं म्हणून.

हे मी नवीन काही सांगत नाही. १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. तकलीवर सूत काततानाच गणित, भूगोल आणि कापसाचा इतिहास शिकवायचा, असा तो विचार होता. साधन मुलाच्या हातात असावं आणि त्यातून विषयाकडे जावं, यावर आपल्याच मातीत इतकं काम झालेलं असताना आमच्या डिजिटल पाठात मूल हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

भाषेचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. पोडावरची पहिलीतली मुलं शाळेत पहिले काही महिने जवळजवळ बोलत नाहीत. त्यांना मराठी ऑडिओ गोष्ट ऐकवली की ती चित्राकडे बघतात, आवाजाकडे त्यांचं लक्ष नसतं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून त्या आपण छापू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्या भाषेत लिहू शकतो. मी कमी शब्दांची एक चित्रगोष्ट निवडून छापली. पाचवीतल्या एका कोलाम मुलीने प्रत्येक पानावरची ओळ कोलामीत सांगितली, मी ती देवनागरीत लिहिली, तिने वाचून दुरुस्त केली, आणि मराठी ओळीखाली तिची ओळ चिकटवली. मग तिच्याच आवाजात मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरवर ती गोष्ट घेतली. पहिलीतल्या मुलांनी ती ऐकली तेव्हा एक मुलगा उठून पुस्तकाजवळ आला, पान उलटलं आणि पुढचं काय ते स्वतः सांगायला लागला. त्याचा आवाज मी वर्गात पहिल्यांदा ऐकला.

यात वापरलेलं तंत्रज्ञान म्हणजे एक प्रिंटर आणि एक रेकॉर्डर. रकान्यात त्याला किती गुण पडतील, मला सांगता येत नाही. पण गोंडी, कोरकू, कोलामी, गोरमाटी बोलणारी मुलं ज्या विदर्भाच्या शाळांत बसतात, तिथल्या अध्यापक विद्यालयांत असे प्रकल्प दर वर्षी व्हायला हवेत. प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या शाळेतल्या मुलांच्या भाषेत एक गोष्ट तयार करून दिली, तर मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत किती पुस्तकं जमतील याचा विचार करा.

एआयबद्दलही थोडं. आम्ही सगळे त्यावरून पाठ टाचण आणि प्रश्नसंच काढतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याला बंदी घालून उपयोग नाही, कारण मग ते लपून होईल. त्याऐवजी असं करता येईल : छात्राध्यापकाने यंत्राने दिलेलं टाचण आणि स्वतः दुरुस्त केलेलं टाचण, दोन्ही जोडावं, आणि काय बदललं व का बदललं ते समासात लिहावं. पिझ्झाच्या तुकड्याच्या जागी भाकर कोणी आणली, पाठ्यपुस्तकात नसलेली संज्ञा कोणी ओळखली, तिसरीच्या मुलाला न पेलणारं लांब वाक्य कोणी तोडलं, हे त्यातून दिसेल. शिक्षकाची तयारी मोजायला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

आणि मुलांच्या माहितीचं भान आम्हाला द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. उपक्रम झाला की मुलांचे फोटो, नावं, कधी गुणसुद्धा व्हॉट्सॲप गटांवर जातात, कारण पुरावा मागितला जातो. गूगल खातं १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून काढता येत नाही, आणि आमची सगळीच मुलं त्याहून लहान. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा ठेवतो. प्लिकर्समध्ये मी मुलांची नावं घातली नाहीत, हजेरी क्रमांक घातले. काम तेवढंच चांगलं झालं. पुरावा म्हणून मुलांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या वहीचं पान किंवा फळ्याचा फोटो मागा. पोरांचे चेहरे कुठे कुठे फिरतात हे त्यांच्या आईबापांना कळतही नाही.

आता खर्चाचं आणि सोयीचं. छात्राध्यापकांपैकी बरेच जण शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरचे आहेत. कार्डं छापणं, गोष्टी रंगीत छापणं, डेटा पॅक, तालुक्याच्या फेऱ्या, हे सगळं आमच्या खिशातून जातं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा पाठ 'डिजिटल' होतो. यावर उपाय आहे आणि तो महागाचा नाही. प्रत्येक अध्यापक विद्यालयाने आंतरवासितेच्या आधी एक पेनड्राइव्ह तयार करावा : मराठी फेट, इयत्तेनुसार निवडलेल्या स्टोरीवीव्हरच्या गोष्टी, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, मागच्या छात्राध्यापकांनी तयार केलेले प्रश्नसंच. ज्यांना जमेल त्यांनी कोलिब्री हे नेटशिवाय साहित्य दाखवणारं सॉफ्टवेअर बसवावं. एका लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर साहित्य भरलं की खोलीतले इतर मोबाइल आणि टॅब इंटरनेटशिवाय, त्याच्याच वायफायवर ते उघडू शकतात. केंद्रशाळेत असं एक यंत्र असलं तर केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेला येणारे शिक्षक हवं ते सोबत नेतील. आणि आमच्या नंतर येणाऱ्या तुकडीला सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.

तक्त्यातला नवा रकाना कसा असावा, याचा मसुदा मी देते. चार प्रश्न पुरेत. साधन कोणाच्या हातात होतं? त्यातून कोणत्या मुलाबद्दल काय नवीन कळलं, आणि त्यानंतर पाठात काय बदललं? वीज किंवा नेट गेलं असतं तर पाठ कसा चालला असता? वेगळी घरची भाषा असलेल्या मुलाला यात जागा होती का? साधन वापरलंच नसेल तर चौथा प्रश्न तसाच राहील, बाकीच्यांच्या जागी कारण लिहावं.

हा बदल करायला कोणत्याही निधीची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पाठांना जरी हा तक्ता आला, तरी आमच्यातल्या अनेकांना या वर्षीच त्याचा उपयोग होईल. एखाद्या प्राचार्यांना आधी थोड्या शाळांत करून पाहायचं असेल तर माझी शाळा त्यासाठी खुली आहे. आमच्या मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे आणि त्यांची हरकत नाही. अपूर्णांकांचे प्रश्नसंच आणि कोलामी गोष्टीची प्रत मी मुलीच्या पालकांना विचारून, तिच्या संमतीने, पेनड्राइव्हवर ठेवली आहे. कोणालाही हवी असल्यास शाळेत यावं, शनिवारी सकाळी मी तिथे असते.

आपली नम्र,
एक छात्राध्यापिका
डी.एल.एड., द्वितीय वर्ष, यवतमाळ जिल्हा